यंत्र आपले, सत्ता कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाच्या संगणकात काही बिघाड झाला नव्हता. तरीही असंख्य धडधाकट यंत्रे कालबाह्य ठरली. कारण ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक नवे प्रोसेसर हवेत. सुरक्षा-दुरुस्त्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली खरी. पण मुदतवाढ देणारा मालक आणि घेणारा कूळ, हे नाते त्यातून अधिकच स्पष्ट झाले.

माझा २०१४ सालचा लॅपटॉप दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, “काका, आता भंगारात काढा.” पडदा लख्ख, कळफलक शाबूत, चार जीबी मेमरी. मग भंगार झाले होते ते काय? झाली होती ती आपली जिज्ञासा!

मी कला शाखेचा पदवीधर. संगणकशास्त्राशी माझा संबंध टंकलेखनापुरता. तरीही त्या यंत्रावर डेबियन ही मुक्त प्रणाली आणि एक्सएफसीई हा सडपातळ डेस्कटॉप बसवला. डेबियनची सुरुवात १९९३ची, एक्सएफसीईची १९९६ची. दोन्ही आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. झगमगाट नाही, म्हणून मेमरीही कमी लागते. खालची पट्टी मी डावीकडे नेली, नको ती चिन्हे काढली, रोजच्या कामांना कळा नेमून दिल्या, तारीख मराठीत आणली. एकदा माझ्याच उपद्व्यापाने पट्टी अदृश्य झाली. तिची मांडणी वाचता येईल अशा साध्या फाइलमध्ये असते. आधी काढून ठेवलेली प्रत परत ठेवताच पट्टी अवतरली. स्वतः बिघडवले आणि स्वतःच दुरुस्त केले, हे समाधान दुकानात विकत मिळत नाही.

खरी कसोटी पुढे होती. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाची व्हीएचएस टेप एका स्टुडिओने फाइल करून दिली होती. वडील औक्षणासाठी मान वळवत, तेव्हा चेहऱ्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटत. “टेपच खराब आहे,” असे सांगून स्टुडिओने हात झटकले. टेप खराब नव्हती. जुन्या पाल पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे असत आणि प्रत्येक चित्र सम व विषम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत टिपले जाई. दोन्ही अर्धे एकदम दाखवले, की हलत्या वस्तूच्या कडा फाटतात. एफएफएमपेग या मुक्त आज्ञावलीतील ‘याडिफ’ गाळणीने त्या रेघा गेल्या. पुढची कापाकापी केडेनलाइव्हवर केली. जुन्या यंत्राला जड व्हिडिओ पेलत नसेल, तर ते संपादनापुरती हलकी प्रत वापरू देते आणि अंतिम फीत मूळ प्रतीवरूनच बनवते. ती फीत तयार व्हायला रात्र लागली, मधे दोनदा कार्यक्रम बंद पडला. पण सकाळी वडिलांचा चेहरा अखंड दिसला.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला : ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून हे कौतुक! इंग्रजीतील ‘फ्री’ या एका शब्दाने हा घोळ होतो. मराठीत मात्र ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे वेगळे शब्द आहेत. येथे महत्त्व आहे ते उघडून पाहण्याच्या, बदलण्याच्या आणि दुसऱ्याला देण्याच्या अधिकाराला. दुसरा : हेही परदेशीच ना? लिनक्सचे बीज १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने रोवले, हे खरे. पण उघड्या ज्ञानाला कुंपण नसते. आपल्या सी-डॅकने डेबियनच्याच पायावर २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली उभी केली. बंद पेटीवर असे काही उभारता आले असते काय? तिसरा : व्यवसायाची काही सॉफ्टवेअर यावर चालत नाहीत. मान्य. ज्याचे पोट त्यांवर आहे, त्याने ती जरूर वापरावीत. पण पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे आणि घरच्या समारंभाची फीत जुळवणे, यांसाठी दर काही वर्षांनी नवे यंत्र कशाला?

सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच. आपण स्वावलंबनावर व्याख्याने देतो आणि त्या व्याख्यानाची चित्रफीत चोरीच्या सॉफ्टवेअरवर जुळवतो! चोरीची प्रत हे स्वातंत्र्य नव्हे. ती परावलंबनाचीच लाजिरवाणी तऱ्हा आहे.

येत्या रविवारी माळ्यावरचा संगणक खाली काढा. आधी फाइलींची प्रत घ्या. पेनड्राइव्हवरून ही प्रणाली काही न बसवताही चालवून पाहता येते. घरातील मुलांना शेजारी बसवा, त्यांच्या हातून एखादी पट्टी नाहीशी होऊ द्या आणि त्यांनाच ती शोधू द्या. यंत्र उघडण्याचे धैर्य ज्या घरात नाही, त्या घराने यंत्राची किंमत मोजली असेल. मालकी मात्र मिळवलेली नाही.