आमचं बिऱ्हाड आणि अम्माचा चहा

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांनी घर बदललंय? या गल्लीतून त्या गल्लीत नव्हे हं, देशाच्या एका टोकाहून पार दुसऱ्या टोकाला! आम्ही बदललं. १९९३ सालच्या मे महिन्यात. मी तेव्हा पाचवी पास झाले होते आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा होता.

बाबा इछापूरच्या रायफल फॅक्टरीत होते. इछापूर म्हणजे कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या काठी. तिथून त्यांची बदली झाली अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. आम्ही दोघं भावंडं बंगालमध्येच जन्मलो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर बंगाली, असा आमचा कारभार. आईचे डोळे आठवडाभर ओले होते, पण बाबा खुशीत. "अगं, आपण आपल्या माणसांत चाललोय! भाजीवाला मराठी, वाणी मराठी, शेजारीपाजारी सगळे मराठी!"

पहिला गोंधळ कल्याण स्टेशनवरच झाला. बंगालीत लहान मुलाला लाडाने 'खोका' म्हणतात. माझ्या भावालाही सगळं इछापूर खोका म्हणायचं आणि आम्हीही तेच म्हणायचो. दोन रात्रींचा प्रवास करून हावडा मेल पहाटे कल्याणला थांबली. आई घाईघाईने खाली उतरली आणि ओरडली, "अहो, आधी खोका उतरवा!" हमालाने तत्परतेने भांड्यांचा खोका उतरवला. "हा नव्हे हो, आमचा खोका!" त्याने पुस्तकांचा उतरवला. "अहो, खोका झोपलाय वरती!" हमालाने आईकडे असं काही पाहिलं, की काय सांगू! शेवटी गाडीने शिट्टी दिली तेव्हा बाबांनी खऱ्या खोक्याला बखोटीला धरून फलाटावर आणलं. त्या दिवसापासून भावाचं घरातलं नाव बदलून 'छोटू' झालं.

कल्याणहून लोकलने पुढचंच स्टेशन, विठ्ठलवाडी. पाटी वाचून बाबांची छाती फुगली. "बघा, स्टेशनलासुद्धा विठ्ठलाचं नाव!" ओळखीच्या एका काकांनी आमच्यासाठी उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये भाड्याची जागा बघून ठेवली होती. रिक्षातून जाताना मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. काही वाचता आल्या, पण काही चक्क उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या! बाबांनी कोपऱ्यावरच्या वाण्याला ठणठणीत मराठीत विचारलं, "साखर कशी दिली?" वाणी गोड हसून म्हणाला, "कितनी चाहिए, साईं?"

आमची सगळी गल्ली सिंधी होती! आई बाबांकडे बघून एवढंच म्हणाली, "आपली माणसं का?" बाबांनी रिक्षाचे पैसे मोजायला घेतले.

शाळा मात्र मराठी मिळाली. तिथे माझी फजिती ठरलेली. बंगालीत पाणी 'पीत' नाहीत, 'खातात'. 'जल खाबो' म्हणजे मी पाणी पिणार. पहिल्याच दिवशी मी हात वर करून म्हटलं, "बाई, मला पाणी खायचंय." सगळा वर्ग बाकं बडवून हसला. बाईसुद्धा हसू दाबत म्हणाल्या, "जा हो, पण नीट चावून खा!" पुढे महिनाभर मी शाळेत पाणी प्यायलेच नाही.

आमची उदास तोंडं बघून एका रविवारी बाबा आम्हाला अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेले. शिलाहार राजांच्या काळातलं, १०६० सालचं हे देऊळ. काळ्या दगडावर किती ते कोरीव काम! बाबा म्हणाले, "बघा, ९३३ वर्षं झाली, जागचं हललेलं नाही." आई म्हणाली, "त्याची बदली होत नाही ना!"

आईचं मन काही रमत नव्हतं. सगळं सामान लागलं, पण एका पत्र्याच्या ट्रंकेची सुतळी तिने सोडलीच नाही. ट्रंक दारामागे तशीच. कुणी विचारलं की म्हणायची, "असू दे बांधलेली. परत जायची वेळ आली तर?"

आणि आता येतात आमच्या शेजारच्या अम्मा. वय पंचावन्नच्या आसपास, डोक्यावर पदर आणि डोळ्यांत भलतं कुतूहल. अम्मांना हिंदी छान यायचं, पण कुतूहल अनावर झालं की सिंधी बाहेर पडायचं. पहिल्याच दिवशी त्या पापडांची ताटली घेऊन आल्या. पाहुण्याला पापड आणि पाणी द्यायची सिंधी घरांतली रीत, म्हणून नव्या शेजाऱ्यांनाही पापडच. दारामागच्या ट्रंकेकडे बोट करून त्यांनी विचारलं, "छा आहे?"

बंगालीत चहाला 'चा' म्हणतात. आईला वाटलं, अम्मांना चहा हवाय. "आहे ना, बसा बसा!" म्हणत तिने स्टोव्ह पेटवला. दुसऱ्या दिवशी अम्मा पुन्हा आल्या. "छा आहे?" पुन्हा चहा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई रात्री बाबांना म्हणाली, "बाई प्रेमळ आहेत हो, पण रोज तोंड उघडून चहा मागतात!"

आठव्या दिवशी आई आधण ठेवत होती, तेवढ्यात छोटू गल्लीतून खेळून आला. एव्हाना तो पोरांबरोबर फाडफाड सिंधी बोलायला लागला होता. तो म्हणाला, "आई, छा म्हणजे चहा नाही गं! छा म्हणजे काय! अम्मा विचारतायत, ट्रंकेत काय आहे?"

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. छोटूने अम्मांनाही सगळं समजावलं. अम्मा पोट धरून हसल्या. "अरी बेटी, मैं आठ दिन से सोच रही थी, इस घर में सवाल पूछो तो चाय क्यों मिलती है!"

हसणं ओसरल्यावर अम्मांनी पुन्हा ट्रंकेकडे बोट केलं. "तो, छा आहे?" 'आहे' हा शब्द सिंधीत आणि मराठीत अगदी एकच, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईने थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही. मग तिने सुतळी सोडली.

आत होती गोधडी. बंगालीत तिला काँथा म्हणतात. इछापूरच्या शेजारणींनी प्रत्येकीच्या जुन्या साडीचा एकेक तुकडा घालून ती शिवली होती आणि निघताना आईला दिली होती. अम्मांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रल्ली!" त्यांच्या सिंधमध्येही जुन्या कपड्यांच्या अशाच गोधड्या शिवतात.

मग अम्मांनी त्यांचं सांगितलं. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंध पाकिस्तानात गेला. दहा वर्षांच्या अम्मा घरच्यांबरोबर कराचीहून बोटीने मुंबईला आल्या आणि तिथून या कॅम्पात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या या बराकी. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे भिंती नाहीत, नुसते गोणपाटाचे पडदे. अम्मांच्या आईने पडदा म्हणून रल्लीच टांगली होती. पुढे ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर नाव मिळालं. कॅम्पांचे आकडे मात्र आजही तसेच आहेत.

"मेरी माँ ने भी एक पेटी बाँध के रखी थी," अम्मा म्हणाल्या. "दो साल नहीं खोली. बोलती थी, वापस जाएँगे."

"मग?" आईने विचारलं.

"फिर एक दिन सर्दी बहुत थी." अम्मा हसल्या. "खोल दी."

त्या रात्री थंडी अजिबात नव्हती, उलट घामाच्या धारा लागल्या होत्या. तरीही आईने काँथा आमच्या अंथरुणावर पसरली. रिकाम्या ट्रंकेवर जुनी चादर घालून तिची बैठक झाली आणि ती अम्मांची कायमची जागा ठरली. चहासुद्धा चालूच राहिला. आता मात्र अम्मा तो मागून घ्यायच्या!

तर दोस्तांनो, तुमच्या वर्गात कुणी नवीन आलं आणि त्याने पाणी 'खायला' मागितलं, तर हसू येणारच. हसा की! फक्त आधी त्याला पाणी द्या.