टोकन देण्याआधी कौंडण्यपूरपर्यंत चालवून पाहा

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आपल्या भागातून त्यावर जायचं तर विरूळला चढा नाहीतर धामणगावला. पन्नासच्या पुढे काटा गेला की कंबर बोलायची, त्या वऱ्हाडात एकाएकी असे रस्ते आले. मग पोट्ट्यांच्या मनात वेगाची गाडी भरली, यात नवल ते काय!

नुसती मनात भरत नाही, दारातही येते. नवी क्वचितच. बहुधा पुण्या-मुंबईकडे पाच-सात वर्षं फिरलेली, एमएच-12 किंवा एमएच-14 पासिंगची. पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया, अलीकडे आय-20 एन लाइन. नव्या साध्या गाडीच्या पैशांत दीडपट-दुप्पट ताकद मिळते म्हटल्यावर कोणाचाही हात खिशाकडे जाईल. पोलो चाकणची, ऑक्टाव्हिया शेंद्र्याची, म्हणजे परक्याही नाहीत.

मला स्वतःला या गाड्या आवडतात. टर्बोचा दाब भरतो आणि पाठ सीटला चिकटते, ते सुख ज्यानं घेतलं त्याला मायलेज विचारू नये. तेव्हा हे आवाहन ‘घेऊ नका’ म्हणण्यासाठी नाही. कुऱ्हा, तिवसा, कौंडण्यपूर, धामणगाव या पट्ट्यात राहून अशी गाडी सांभाळताना रोज काय सोसावं लागतं, ते विकणारा सांगत नाही. ते सांगायला कोणीतरी हवं, एवढंच.

तसा वेगवान वाहनाचा आणि कौंडण्यपूरचा संबंध जुनाच. रुक्मिणीचं हे माहेर. भागवतात कृष्ण आनर्तातून, म्हणजे द्वारकेकडून, विदर्भात एका रात्रीत येऊन पोचतो. रथाला शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक असे चार घोडे, आणि हाती लगाम दारुकाच्या. (रुक्मिणीला नेली ती इथल्या अंबिकेच्या देवळातून की अमरावतीच्या अंबादेवीतून, हा वाद अजून मिटायचा आहे. मी त्यात पडत नाही.) पण त्या घोड्यांचा दाणा-वैरण, खरारा, नाल बघायला द्वारकेत माणसं होती. तुमच्या घोड्यांचं कोण बघणार, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पैशांचा. सचिन तेंडुलकरचंच बघा. ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली, तीही मायकेल शूमाकरच्या हस्ते. गाडी भारतात आणायची तर आयात शुल्क कोटीच्या वर. सरकारनं ते माफ करायचं ठरवलं, त्यावर गदारोळ झाला, मामला न्यायालयापर्यंत गेला आणि शेवटी ते पैसे फियाट कंपनीनं भरले. 2011 मध्ये ती फेरारी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. सचिनला भेट मिळालेली गाडी जर फुकटात पडली नाही, तर तुम्हाला ‘स्वस्तात’ मिळालेली किती स्वस्तात पडेल?

आता टायरकडे या. गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी खाली बसा आणि टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. समजा 225/40 आर 18 लिहिलंय. 225 ही मिलिमीटरमधली रुंदी. 40 म्हणजे त्या रुंदीच्या 40 टक्के उंचीची रबराची भिंत. हिशेब केला तर 90 मिलिमीटर, चार बोटांपेक्षा थोडी जास्त. घरच्या साध्या गाडीला 165/80 आर 14 असेल तर तीच भिंत 132 मिलिमीटर भरते. खड्ड्याचा दणका ही भिंत खाते. ती ठेंगणी असली की दणका थेट रिमला बसतो. रिम वाकतो किंवा तडकतो, टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर घेऊन समृद्धीवर जाणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

त्याच भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. 2319 असेल तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वरची नक्षी कितीही खोल दिसो, एवढ्या वर्षांत आतलं रबर कडक होतं, आणि आपल्या उन्हात तर लवकरच. बदलायचा म्हटला तर या मापाचा चांगला टायर बारा-पंधरा हजारांच्या घरात जातो. चार टायरांचे साठेक हजार. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये धरला, आणि तो मिळाला असंही धरलं, तरी अकराच्या वर क्विंटल गेले. एकराला तुमचं किती पिकतं ते तुम्हीच बघा.

आणखी एक. यातल्या बऱ्याच गाड्यांना पूर्ण मापाची स्टेपनी नसते. काहींत तर स्टेपनीच्या जागी छोटा कंप्रेसर आणि गोंदासारख्या द्रावणाची बाटली देतात. खिळ्याचं भोक त्यानं बुजतं, बाजूची भिंत फाटली तर काही उपयोग नाही. रात्री नऊला, कुऱ्ह्याच्या अलीकडे, मोबाइलला रेंज नाही आणि हातात गोंदाची बाटली, हा प्रसंग मनासमोर आणून मगच सौदा करा.

रस्ता कितीही नवा असला तरी खाली जमीन आपली काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचं डांबर दोन-चार वर्षांत लाटा घेतं, कडा खचतात. गतिरोधकांचं तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी अलगद चढते, अलगद उतरते. गावात एखादं लेकरू गाडीखाली येता येता वाचतं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मुरूम-डांबराचा बांध उभा राहतो. गावकऱ्यांना नावं ठेवायची सोय नाही, भरधाव जाणारे आपणच. पण तुमची गाडी आधीच ठेंगणी, रिकामी असतानाही जमिनीपासून फार वर नसते. मागे आई-बाबा आणि काकू बसल्या, डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं पडलं की ती आणखी दबते. मग बांधावर पोट घासतं आणि तो खर्रर्र आवाज थेट काळजात जातो. मागून बाबा म्हणतात, “घासली ना बाप्पा! उतरू का आम्ही खाली?” आणि दीडशे घोड्यांच्या गाडीतून म्हातारी माणसं उतरून गतिरोधक पायी ओलांडतात.

हे सोसायची तयारी असेल तर पुढचं वाचा.

ऊन. मे 2024 मध्ये अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी 144 कलम लावावं लागलं. हवा तापली की विरळ होते. इंजिनात प्राणवायू कमी जातो. पेट्रोल अवेळी भडकू नये म्हणून गाडीचा संगणक स्वतःच ताकद उतरवतो. म्हणजे कागदावरची ताकद मे महिन्यात भर दुपारी तुम्हाला मिळतच नाही. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर. भरधाव येऊन दारात गाडी लगेच बंद केली की तापलेल्या टर्बोत तेल जळून काजळी धरते. म्हणून शेवटचे दोन किलोमीटर सावकाश या. तेल कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच घाला आणि पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदला. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरचा धुरळा गावभर असतो, तेव्हा एअर फिल्टर काढून बघत राहा.

गिअरबॉक्स ही त्याहून नाजूक बाब. दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, गर्दीत रांगायला लागला की तापतो. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेत कौंडण्यपूरला गाडी घेऊन शिरून बघा. हातभर पुढे, थांबा, पुन्हा हातभर पुढे. तेवढ्या अर्ध्या तासात क्लच किती झिजतो ते मिस्त्रीला विचारा. फोक्सवॅगननं सात गिअरच्या अशा गिअरबॉक्सपायी 2013 मध्ये जगभरातून सोळा लाख गाड्या तेल बदलायला परत बोलावल्या होत्या, त्यात दमट-गरम हवेचंच कारण पुढे आलं होतं. सेकंडहँड गाडी घेताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देते का ते चढावर, एसी लावून, गाडी पुरती तापल्यावर तपासा. विकणारा सकाळी सातला बोलावत असेल तर दुपारी दोनला जा.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो हे खरं, पण लिटरमागे त्यात उष्णता कमी, म्हणून मायलेज घटतं. 2023 च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. तुमच्या मॉडेलचं काय, ते कंपनीकडून लेखी घ्या. आणि इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा पावसाळाभर गाडी झाकून ठेवायची असेल तर टाकी अर्धी सोडू नका.

बिघाड झाला की खरी परीक्षा. आपला गावचा मिस्त्री ट्रॅक्टरचं इंजिन डोळे मिटून खोलतो, त्याच्या हाताला नावं ठेवायचं कारण नाही. पण या गाडीत काय बिघडलं ते हातापेक्षा स्कॅनर आधी सांगतो, आणि त्या कंपनीचा स्कॅनर त्याच्याकडे नाही. मग टोइंगवाला, मग नागपूर, मग ‘पार्ट बाहेरून येतोय’. दोन-तीन आठवडे दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरायची तयारी ठेवा. त्यात लग्नसराई निघाली तर मामेभाऊ, चुलतभाऊ सगळे विचारणार, “कायले घेतली बे एवढी महागाची?” याला उत्तर नाही.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावणारा बैल कोणी डवऱ्याला जुंपत नाही. त्याचा खुराक वेगळा, गोठा वेगळा, आणि कामाला दुसरी जोडी दावणीला असतेच. वेगाच्या गाडीचंही तसंच धरा. म्हणजे घरची जुनी वॅगनआर किंवा बोलेरो विकून ही घेऊ नका. दवाखाना, बाजार, खताची पोती, पांदण, यांना ती जुनीच लागणार. दोन गाड्या ठेवायची ऐपत नसेल तर राजेहो, ही गाडी सध्या तुमच्यासाठी नाही. कडू वाटेल, पण हप्ते सुरू झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

ज्यांची ऐपत आहे त्यांनी आधी एक करावं. विकणाऱ्यानं दाखवलेल्या महामार्गावर गाडी पळवून खूश होऊ नका, तिथे तर सगळ्याच गाड्या छान पळतात. घरची चार माणसं बसवा. अमरावतीहून कुऱ्ह्यामार्गे कौंडण्यपूरला या, गावात शिरा, अंबिकेच्या टेकडीपर्यंत जा, नदीकडे उतरा. परत येताना तुमच्या शेताची पांदण जिथे रस्त्याला लागते तिथवर गाडी नेऊन वळवून बघा. पोट कुठे कुठे घासलं ते मोजा. मागे बसलेल्या आईला विचारा. तिचं मत विकणाऱ्यापेक्षा खरं असेल.

घेतलीच, तर तिची ताकद आणखी वाढवायच्या भानगडीत पडू नका. लॅपटॉप लावून ‘स्टेज वन’ करून देणारे भेटतात, मोठा आवाज काढणारे सायलेन्सर बसवणारेही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं मूळ गाडीत असे फेरफार करायला मनाई आहे, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका आडवा येतो.

आणि वेग. समृद्धीची आखणी ताशी 150 किलोमीटरची असली तरी सपाट भागात मोटारीला मर्यादा 120 चीच आहे. बाकी आपल्या रस्त्यांवर रात्री रोही आडवा येतो. अडीचशे किलोच्या जनावराला तुमच्या गाडीचे ब्रेक किती भारी आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं. दिवस मावळल्यावर गावच्या रस्त्यानं साठच्या पुढे जाऊ नका, गाडी कोणतीही असो.

शेवटी कागद. पुण्या-मुंबईची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, मागच्या विमा दाव्यांची माहिती आणि सर्व्हिसची संपूर्ण नोंद मागा. यातलं एक जरी द्यायला विकणारा कां-कूं करू लागला, तर टोकन देऊ नका.