बैलाचे दात मोजता, मग कॉलेजचे का नाही?



नीटचा निकाल लागला की कापूसपट्ट्यातल्या गावागावांत एक नवा अडत्या फिरू लागतो. हा कापसाचा अडत्या नाही, पोरांचा अडत्या आहे. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक. पोराला एमबीबीएसला मार्क कमी पडले हे त्याला तुमच्या आधी कळलेले असते. तो ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, ‘पाटील, बीडीएसला टाकून द्या. दाताचा झाला तरी डॉक्टरच. जागा थोड्या आहेत, आज विसार द्या, उद्या मिळणार नाही.’ आणि ज्या कास्तकाराने उभ्या जन्मात दोन हजारांची वस्तू घासाघीस केल्याशिवाय घेतली नाही, तो वीस-पंचवीस लाखांचा सौदा चहाचा कप खाली ठेवायच्या आत करून बसतो.

बैल घ्यायला बाजारात गेलो तर आपण आधी त्याचे तोंड उघडतो. आदात आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला, ते पाहतो. चालवून पाहतो, खूर पाहतो, मगच रुमालाखाली बोटे धरतो. दाताचे कॉलेज घेताना मात्र कोणी दात मोजत नाही. ही भाबडेपणाची गोष्ट नाही. शेतीतून पोराला कसेही करून बाहेर काढायचे, या घायकुतीची गोष्ट आहे. घायकुतीला आलेल्या गिऱ्हाइकाला बाजारात भाव नसतो, हे कापूस विकणाऱ्यांना मी काय सांगावे?

आधी रकमेचा हिशेब

बीडीएस म्हणजे चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण पाच वर्षे. खासगी कॉलेजची फी कॉलेजागणिक वेगळी. हिशेबासाठी वर्षाला चार लाख धरा. चार वर्षांचे सोळा लाख झाले. खोली, मेस, जाणे-येणे पाच वर्षांचे सहा लाख. पुस्तके, हत्यारे, ॲप्रन, परीक्षा आणि ज्यांची पावती मिळते न मिळते असे किरकोळ, ते दोन लाख. झाले चोवीस लाख. कापसाच्या गाडीला कटती, हमाली, तोलाई लागते तशी इथेही लागते. फक्त तिथे आपण विकणारे असतो आणि इथे घेणारे, आणि दोन्हीकडे कापला जातो तो आपलाच खिसा.

आता हे चोवीस लाख पऱ्हाटीत मोजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. कोरडवाहू एकराला पाच क्विंटल पिकले आणि हमीभाव खरोखर पदरात पडला असे धरले, तर एकरी ४०,५५० रुपये. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी वजा जाता एकरी दहा हजार उरले तर बोंडअळी आणि पाऊस दोघांनी मेहरबानी केली म्हणायचे. दहा एकरवाल्याला वर्षाचा एक लाख. म्हणजे त्याने चोवीस वर्षे मीठ-मिरचीही विकत न घेता सगळा वाढावा कॉलेजात नेऊन भरला तर एक पोर दाताचा डॉक्टर होतो. ज्वारीत मोजायचे म्हटले तर ३,६९९ रुपयांच्या हमीभावाने सुमारे साडेसहाशे क्विंटल ज्वारी. एवढी ज्वारी सगळ्या गावाच्या कणग्यांत मिळून मावायची नाही.

वाढाव्यातून हे जमत नाही म्हणून कर्ज. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज घ्यायचे तर बँक तारण मागते. शेत दाखवले तर साहेब का-कू करतो, कारण सरफेसी कायद्याखालची जप्ती शेतजमिनीवर चालत नाही. शहरातल्या नोकरदाराचा दोन खोल्यांचा फ्लॅट तारण चालतो, आपले दहा एकर चालत नाहीत. मग उरतो सावकार, नाहीतर धुऱ्याला लागून असलेला शेजारी, जो तीन एकर कधी निघतात याचीच वाट पाहत असतो. बँकेने दिलेच समजा, तर पंधरा लाखांवर दहा टक्के व्याजाने दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १९,८०० रुपये पडतो. शिकत असतानाचे व्याज त्याच्या वर. आणि नुकता पास झालेला डॉक्टर शहरातल्या दुसऱ्याच्या दवाखान्यात पंधरा-वीस हजारांवर राबतो, हे आता नवलाचे राहिलेले नाही. सगळा पगार हप्त्याला दिला तर पोरगा खाणार काय? स्वतःचा दवाखाना टाकायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, जागेची पागडी. तिथे पुन्हा आठ-दहा लाख. नुसत्या बीडीएसला कोण विचारतो म्हणून एमडीएस करायचे तर आणखी तीन वर्षे आणि आणखी एक शेत.

स्पर्धा कोणाची, कोणाशी?

अडत्या म्हणतो, स्पर्धा फार आहे. स्पर्धा आहे, पण कुठे? २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर, इथल्या जागेसाठी झुंज खरी आहे. तिथे एकेका मार्काने मुले मागे पडतात. पण देशात दंत महाविद्यालये तीनशेच्या वर आहेत आणि त्यातली बहुसंख्य खासगी. त्यांच्या दारात झुंज नाही. तिथे गिऱ्हाइकाची वाट पाहणे चालू आहे.

पुरावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२०-२१ च्या प्रवेशात देशभरात बीडीएसच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या. त्यात सरकारी कॉलेजातल्या फक्त २६५. बाकी सगळ्या खासगीतल्या. प्रकरण न्यायालयात गेले. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाईलने खाली आणायला सांगितले, आणि त्याचबरोबर खासगी कॉलेजांनी फी कमी करण्याचा विचार करावा असेही सुनावले. पात्रता हुकूम म्हणून उतरली. फी मात्र संस्थाचालकांच्या विचारावर सोडली गेली.

भावांनो, ही बाजाराची कोणती रीत? आपला कापूस जिनिंगच्या आवारात पडून राहिला तर भाव कोसळतो. भाव थोडा वर यायला लागला तर आयात सुरू होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, ऐन वेचणीच्या तोंडावर. आणि कॉलेजचा माल पडून राहिला तर भाव उतरत नाही, प्रत उतरवली जाते! एकाधिकार खरेदीच्या काळात ग्रेडर आपल्या चांगल्या कापसाची प्रत खाली दाखवून भाव पाडत असे. इथे प्रत खाली आणून भाव टिकवतात. दोन्ही खेळांत हरणारा एकच.

खर्च काढायची दोन मापे

१९८३ नंतर वसंतदादा पाटलांच्या सरकारने राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडले. सरकारकडे पैसा नव्हता, मुलांना जागा हव्या होत्या. दार उघडण्यात चूक नव्हती. पण आत शिरले कोण? ज्यांच्या हाती कारखाने, बँका आणि आमदारक्या होत्या तेच. साखरसम्राटाचा शिक्षणसम्राट झाला. देणग्यांचा बाजार असा मातला की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले दरपत्रकच आले. एकाच वैद्यकीय कॉलेजात सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, त्या राज्यातल्या इतर मुलांना २५,००० आणि बाहेरच्यांना ६०,००० पर्यंत. न्यायालयाने देणगी बेकायदा ठरवली. पुढे १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने मोफत जागा आणि पैशाच्या जागा अशी वाटणी केली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडली. नफेखोरी नको, पण संस्थेच्या वाढीसाठी रास्त वाढावा ठेवायला हरकत नाही, असे ठरले. २०१६ साली इंदूरच्या मॉडर्न डेंटल कॉलेजच्या खटल्यात राज्यांचा फीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पक्का झाला. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहेच.

आता हे प्राधिकरण काय करते ते नीट ऐका. कॉलेजचा खर्च मांडते. मास्तरांचे पगार, इतर खर्च, इमारतीचा आणि यंत्रांचा घसारा, आणि वर विकासासाठी वाढावा. मग फी ठरते. म्हणजे उत्पादनखर्च अधिक घसारा अधिक नफा! संघटनेने ज्यासाठी रस्त्यावर बसून लाठ्या खाल्ल्या तो हिशेब हाच की नाही? आपल्याला मात्र हमीभाव काढताना बियाणे, खत, मजुरी आणि घरच्यांची मजुरी असा खर्च धरून दीडपट दिल्याचे २०१८ सालच्या अर्थसंकल्पापासून सांगतात. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले तर दीडपटीचा फुगा फुटतो. संस्थाचालकाची इमारत झिजते. शेतकऱ्याच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज हा मात्र खर्चच नाही, असे सरकारचे म्हणणे दिसते. एकाला पुरा खर्च धरून दर, दुसऱ्याला अर्धा खर्च धरून दर, आणि दुसऱ्याने पहिल्याचे बिल भरायचे. चोवीस वर्षांचा आकडा इथून निघतो. फी महाग आहे हे अर्धे सत्य. कापूस स्वस्त केला आहे हे पुरे सत्य.

मग पोरांनी शिकू नये काय?

शिकावे, जरूर शिकावे. दाताचा डॉक्टर खेड्याला नको आहे असेही नाही. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर प्रौढांत चोवीसजण बिनधुराची तंबाखू खाणारे निघाले. खर्ऱ्याने तोंड उघडत नाही अशी माणसे विदर्भात प्रत्येक पारावर बसलेली आहेत. यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराईडच्या पाण्याने कोवळ्या पोरांचे दात पिवळे पडले आहेत. रोगी इथे, डॉक्टर शहरात एका गल्लीत पाच. कारण रोग्याच्या खिशात दात भरायला पैसे नाहीत. कापसाला भाव नसला की दवाखानाही चालत नाही. ज्या लुटीने बाप बुडतो तीच लूट डॉक्टर पोराचीही वाट अडवते.

आमचा खुल्या बाजाराला विरोध नाही. हा बाजार खुला नाही, हाच आक्षेप आहे. आणि सौदा करायचाच तर सौद्यासारखा करा.

सरकारी जागा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, गाव कितीही लांब असो. खासगी घ्यायचे तर अडत्याला हाकला आणि राज्य सीईटी कक्षाच्या फेरीतूनच या. प्राधिकरणाने ठरवलेली फी कॉलेजवार जाहीर असते, ती आधी पाहा. संस्थेच्या कोट्याची फी तिच्या कितीतरी पट असते, तिकडे फिरकू नका. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण फी सरकार भरते, मुलांची निम्मी. पण अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणजे त्याच अभ्यासक्रमासाठी पाटी कोणती यावर तुमचे लाखो रुपये ठरतात. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज सोडू नका. चार वर्षांची फी एकदम मागितली तर २००३ चा इस्लामिक अकॅडमी निकाल पुढे करा. एका वर्षाच्या वर फी आगाऊ घेता येत नाही.

आणि दात मोजा. कुठल्याही साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता न सांगता कॉलेजच्या दवाखान्यात जा. किती खुर्च्या आहेत आणि किती खुर्च्यांवर रोगी आहे ते मोजा. दाताचे काम हाताचे आहे. रोगी नाही तिथे पोरगा शिकणार कशावर? कारकुनाला विचारू नका, शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. स्वतःच्या हाताने किती दात काढले, किती रूट कॅनाल केले, हे विचारा. गेल्या वर्षी पास झालेले आज कुठे आणि कितीवर आहेत हेही विचारा. या उत्तरांवर भाव ठरवा. आणि जमीन विकायचा विषय निघाला तर घरच्या लक्ष्मीला आधी विचारा. लक्ष्मीमुक्तीत तिच्या नावावर केलेला तुकडा काढून घेण्याचा हक्क कोणत्याही कॉलेजला नाही, आणि बापालाही नाही.

जिल्हा बैठकीपुढे चार मागण्या ठेवतो. पाच वर्षांचा सगळा खर्च, हत्यारांपासून मेसपर्यंत, कॉलेजने प्रवेशाआधी लेखी जाहीर करावा आणि त्यापलीकडे एक रुपया घेऊ नये. ज्या कॉलेजच्या जागा रिकाम्या राहतात त्याची फी पुढल्या वर्षी उतरलीच पाहिजे. शैक्षणिक कर्जासाठी पोराची गुणवत्ता तारण धरावी, बापाची माती नव्हे. आणि चौथी, जिच्याशिवाय पहिल्या तिन्ही व्यर्थ: ज्या मापाने कॉलेजचा खर्च मोजता त्याच मापाने, घसारा आणि वाढाव्यासकट, कापूस आणि ज्वारीचा खर्च मोजा.

तो भाव द्या. मग कोणाच्या फीमाफीची गरज आम्हाला उरणार नाही. पोराला दाताचा डॉक्टर करायचे की चांगला कास्तकार, हे आम्ही आमच्या पैशाने ठरवू.