मैदान कोणाचे? शिवाजी पार्कच्या शंभर वर्षांचा हिशेब

दसरा जवळ आला की मुंबईतील दादरच्या शिवाजी पार्कचे नाव बातम्यांत झळकू लागते. मैदान कोणत्या पक्षाला मिळणार, परवानगी कोण देणार, प्रकरण न्यायालयात जाणार का, यावर आठ-पंधरा दिवस चर्चा रंगते आणि सण उलटला की ती विरूनही जाते. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या उद्यानाला शंभर वर्षे पूर्ण झाली. या काळात त्याने जेवढे क्रिकेटपटू घडवले तेवढीच राजकीय वळणेही पाहिली. तरीही एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर अद्याप नीट दिले गेलेले नाही. सर्वांच्या मालकीच्या जागेवर एकाच वेळी अनेकांनी हक्क सांगितला तर निवाडा कोणत्या निकषावर करायचा?

प्रश्न केवळ दादरचा नाही. महालक्ष्मी येथील रेसकोर्सच्या २११ एकर जागेपैकी १२० एकर मुंबई महापालिकेकडे देऊन तेथे मोठे सार्वजनिक उद्यान उभारण्याचा निर्णय झाला आहे. सागरी किनारा मार्गालगतची मोकळी जागा त्याला जोडली की सुमारे ३०० एकरांचे उद्यान तयार होईल, असे सांगितले जाते. मोकळ्या जागेसाठी आसुसलेल्या शहराला ही आनंदाची वार्ता खरी. परंतु नवे उद्यान आखण्यापूर्वी जुन्याचा अनुभव तपासणे शहाणपणाचे ठरेल.

शिवाजी पार्कचा जन्म एका आपत्तीच्या छायेत झाला. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील कोंदट वस्त्यांची दैना चव्हाट्यावर आणली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि रुंद रस्ते, हवेशीर घरे व मोकळ्या जागा असलेली उपनगरे आखण्याचा विचार बळावला. दादर, माटुंगा, माहीम हा भाग याच विचारातून आकाराला आला. मोकळी हवा ही चैन नसून सार्वजनिक आरोग्याची गरज आहे, हे शहराने लाखमोलाची किंमत मोजून शिकले होते. महापालिकेने १९२५ मध्ये येथे उद्यान केले तेव्हा त्याचे नाव ‘माहीम पार्क’ होते. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवछत्रपतींचे नाव देण्यात आले. गांधीजींचे मराठी चरित्र १९१८ साली लिहिणाऱ्या त्या याच अवंतिकाबाई. परकीय सत्तेखालील शहरात सार्वजनिक जागेला हे नाव मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. २०२० मध्ये नावाचा विस्तार होऊन ते ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ झाले.

उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे २८ एकर आहे. भोवतीचा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतो. पहाटे फिरणारे, दुपारी अभ्यास करणारे विद्यार्थी, संध्याकाळी गप्पांचे फड जमवणारे ज्येष्ठ नागरिक आणि रात्री उशिरापर्यंत रेंगाळणारी तरुण मंडळी यांना या कट्ट्याने एका ओळीत बसवले. आत क्रिकेटच्या खेळपट्ट्या, व्यायामशाळा, जिमखाना, गणेश मंदिर, ज्येष्ठांसाठी राखलेला कोपरा अशी दाटी आहे. रमाकांत आचरेकर यांनी याच मातीत सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी यांच्यासारखे खेळाडू घडवले. क्रिकेटच्या शिकवणीसाठी महागड्या क्लबचे सभासदत्व लागत नाही, हे शिवाजी पार्कने देशाला दाखवून दिले. मध्यमवर्गीय घरातील मुलाला बॅट घेऊन थेट मैदानावर उतरता येणे, हे या जागेचे सर्वांत मोठे देणे आहे.

तथापि या मैदानाची दुसरी ओळख सभांची आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांच्यासारख्या वक्त्यांनी येथे जनसागर उसळवला. मुंबईसह महाराष्ट्र या मागणीबरोबरच बेळगाव, कारवार, बिदर आणि गुलबर्गा भागातील मराठी गावांचा प्रश्नही त्या चळवळीच्या मुळाशी होता. राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्र दिनाचे संचलन येथेच होऊ लागले. ऑक्टोबर १९६६ मध्ये शिवसेनेचा पहिला मेळावा येथे भरला आणि दसऱ्याचे व मैदानाचे नाते जुळले. १९९५ मध्ये मनोहर जोशी यांनी आणि २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ बंद सभागृहात न घेता याच मैदानावर घेतली. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावर येथेच अंत्यसंस्कार झाले.

तिसरा वापर बहुतेक वेळा चर्चेबाहेर राहतो. शेजारीच चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, ६ डिसेंबरला, राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि राज्याबाहेरूनही आलेले लाखो अनुयायी या मैदानात मुक्काम करतात. त्यांच्यासाठी महापालिका मंडप, पाणी व स्वच्छतागृहांची सोय करते. पुस्तकांचे गाळे लागतात. ज्यांना मुंबईत हॉटेल परवडत नाही, नातेवाईकाचे घर नाही, त्यांच्यासाठी हे मैदान त्या दोन-तीन दिवसांत छप्पर बनते. सार्वजनिक जागेचा यापेक्षा थेट उपयोग दुसरा कोणता असू शकेल?

येथेच खरा पेच उभा राहतो. खेळ, शांतता, सभा, श्रद्धा, स्मरण यांपैकी प्रत्येक मागणी आपापल्या जागी न्याय्य आहे. भोवतालच्या रहिवाशांचा त्रासही काल्पनिक नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंती आणि वाहनांची कोंडी सोसणाऱ्या नागरिकांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरला. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे; मोठ्या सभेत ती पाळली जाणे जवळजवळ अशक्य. त्यानंतर सभांना पायबंद बसला आणि पक्षांना वर्षागणिक न्यायालयात धाव घ्यावी लागू लागली. अखेर २०१६ मध्ये राज्य शासनाने खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठी वर्षातील ४५ दिवस मोकळे केले.

वरवर पाहता ही तडजोड समंजस दिसते. वर्षातील ३२० दिवस खेळाचे, ४५ दिवस इतर कामांचे. पण २०२२ च्या दसऱ्याने तिची मर्यादा उघड केली. शिवसेनेत फूट पडली होती आणि दोन्ही गटांनी त्याच दिवसासाठी त्याच मैदानाची मागणी केली. महापालिकेची मुदत मार्चमध्ये संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. राज्यात सत्ताबदल झाला होता. कायदा व सुव्यवस्थेचे कारण देऊन महापालिकेने दोघांनाही नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने महापालिकेचा नकार अमान्य करून उद्धव ठाकरे यांच्या गटाला परवानगी दिली. कोणत्याही पक्षाची बाजू न घेताही या घटनेतून एक बोध घेता येतो. दिवसांची संख्या ठरवून दिली म्हणजे वाद मिटत नाही. त्या दिवसांवर कोणाचा हक्क पहिला, नकार कोणत्या कारणाने देता येईल आणि निर्णय किती मुदतीत द्यावा, हे आधी लिहून ठेवले नसेल तर परवानगीची किल्ली सत्तेवर असणाऱ्याच्या खिशात जाते. सत्तेवर असणारा बहुतेक वेळा त्या मैदानाच्या इच्छुकांपैकीच एक असतो.

हा अनुभव जगाला नवा नाही. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८६६ साली मताधिकाराच्या मागणीसाठी जमू पाहणाऱ्या जनतेसमोर दरवाजे बंद करण्यात आले, तेव्हा जमावाने कुंपणाचे गजच उखडले. सरकारने धडा घेतला आणि १८७२ च्या कायद्याने उद्यानांतील सभांचे नियम ठरले. ‘स्पीकर्स कॉर्नर’ ही आज जगप्रसिद्ध असलेली जागा त्यातूनच रुजली. याउलट २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धविरोधी सभेला परवानगी नाकारताना तेथील प्रशासनाने हिरवळीचे नुकसान होईल, असे कारण दिले होते. गवताची काळजी रास्तच. मात्र तिची आठवण अडचणीची सभा आली की होते आणि इतर वेळी होत नाही, असे दिसले तर लोकांचा विश्वास उडतो.

आपल्याकडील न्यायालयांनी या बाबतीत दोन मजबूत खांब उभे केले आहेत. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले की सार्वजनिक जागेवरील सभांचे नियमन करता येईल. परंतु मनमानी नकाराचा अमर्याद अधिकार अधिकाऱ्याला देता येणार नाही. दुसरा निकाल बंगळूरचा, १९९१ सालचा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय न्यायालयाने रद्द ठरवला. रुग्णालय ही चांगली गोष्ट असली तरी आराखड्यातील उद्यान ही नागरिकांची ठेव आहे आणि ती शासनाला मर्जीनुसार वळवता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. पहिला निकाल सभेच्या हक्काचे रक्षण करतो, तर दुसरा जागेचे. शिवाजी पार्कला या दोन्हींची सारखीच गरज आहे.

या दोन निकालांना जोडून पाहिले तर निवाड्याचा एक साधा निकष हाती लागतो. जो वापर ठरल्या वेळी आवरून जातो, तो मैदान संपवत नाही. सभा कितीही मोठी असो, रात्री माणसे घरी जातात. अनुयायी चैत्यभूमीला वंदन करून परततात. सामना संपला की यष्ट्या उपटल्या जातात. दुसऱ्या सकाळी कचरा उचलला, माती सारखी केली की जागा पुन्हा सर्वांची होते. याउलट जे एकदा उभे राहिले ते पुन्हा हलत नाही. चौथरा, पुतळा, कुंपण, कार्यालय, शेड यांनी व्यापलेली प्रत्येक चौरस फूट जागा कायमची एका कारणाला बांधली जाते. म्हणून नियमांनी दिवसांइतकीच, किंबहुना अधिक काटेकोरपणे, बांधकामांची मोजदाद करायला हवी. आजची व्यवस्था नेमकी याच्या उलट आहे. एका दिवसाच्या सभेसाठी न्यायालय गाठावे लागते. एखाद्या नव्या बांधकामाला मात्र भावनेचा आधार मिळाला की त्याविरुद्ध बोलणेही कठीण होते.

२०१२ आणि २०२२ या दोन्ही प्रसंगी अंत्यसंस्काराच्या जागी स्मारक व्हावे, अशी मागणी झाली. दोन्ही व्यक्तींविषयी जनमानसात असलेल्या आदराबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये उभारलेला तात्पुरता चौथरा पुढे हटवण्यात आला आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी जवळच्याच महापौर निवासाची जागा निवडण्यात आली. मार्ग वादग्रस्त ठरला, पण त्यातून मैदानाची जमीन वाचली, हे मान्य करावे लागेल. प्रत्येक पिढीने आपल्या आदरणीय व्यक्तीसाठी एकेक कोपरा घेतला तर दोनशेव्या वर्षी शिवाजी पार्कमध्ये स्मृती पुष्कळ असतील, खेळायला जागा नसेल.

निकषाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तात्पुरता वापर म्हणजे फुकटचा वापर नव्हे. मंडपासाठी खणलेले खड्डे, चेंगरलेली हिरवळ आणि कोरड्या दिवसांत उडणारी लाल माती यांचा त्रास रहिवासी वर्षानुवर्षे सोसत आहेत. धूळ बसवण्यासाठी महापालिकेने गवत लावण्यापासून पाणी शिंपडण्यापर्यंत अनेक उपाय केले. पण प्रश्न पुरता सुटलेला नाही. मैदान घेणाऱ्याने ते जसे घेतले तसे परत करावे, त्यासाठी आधी अनामत भरावी आणि ती जप्त करताना पक्षाचा रंग पाहिला जाऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. अर्जांची नोंद, त्यांची तारीख, दिलेला निर्णय व त्याचे कारण हे सारे लोकांना पाहता आले, तर निम्मे वाद न्यायालयापर्यंत पोहोचणारच नाहीत.

गोव्यातील वाचकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मडगावात १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी ज्या सभेतून गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याला नवी दिशा दिली, त्या सभेचा मूळ मुद्दाच बोलण्याचा आणि जमण्याचा हक्क हा होता. पोर्तुगीज राजवटीत सरकारी परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. तो बंधनाचा नियम मोडला गेला म्हणून ते मैदान आज लोहिया मैदान म्हणून ओळखले जाते. पणजीत एकेकाळी आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा असलेला चौक मुक्तीनंतर आझाद मैदान झाला. तेथे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे आणि सरकारकडे गाऱ्हाणे मांडू पाहणारा गोमंतकीय आजही प्रथम त्याच मैदानाकडे वळतो. कांपालच्या मोकळ्या जागांवरील महोत्सव, मेळे आणि खेळ यांची ओढाताणही आपल्या परिचयाची आहे. छोट्या राज्यात जमीन मोजकी असते. त्यामुळे येथे गमावलेले एक मैदान मुंबईतील दहा मैदानांइतके महाग पडते.

महालक्ष्मीच्या नव्या उद्यानाचे आराखडे होत असताना मुंबईला एक संधी आहे. झाडे कोणती लावायची, वाहनतळ कोठे करायचा, याच्या आधी तेथे काय बांधता येणार नाही, हे ठरवावे. सभेसाठी जागा असेल तर कोणती, परवानगी कोण देईल, किती दिवसांत देईल आणि नाकारताना कोणते कारण चालणार नाही, हेही त्याच वेळी लिहून काढावे. उद्घाटनापूर्वी असे नियम करणे सोपे असते, कारण तोवर कोणाचाही हक्क रुजलेला नसतो. शिवाजी पार्कच्या बाबतीत ते राहून गेले आणि त्याची भरपाई न्यायालयांना वर्षानुवर्षे करावी लागली. जुन्या मैदानासाठी हे काम आता कठीण असले तरी अशक्य नाही. शताब्दीचे औचित्य साधून महापालिकेने तेथील विद्यमान बांधकामांची यादी प्रसिद्ध करावी आणि यापुढे त्यात एकाचीही भर पडणार नाही, असा ठराव करावा. त्या ठरावावर सर्व पक्षांची सही झाली, तर दसऱ्याला मैदान कोणाला मिळाले याला फारसे महत्त्व उरणार नाही. दुसऱ्या दिवशी ते मुलांना परत मिळेल याची खात्री असेल.