पंचेचाळीस पैसे आणि एक नाव

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून बुद्धगया, सारनाथ, लुंबिनीच्या सहलींची बोलणी सुरू होतात. वर्गणी ठरते, आचारी ठरतो, शिधा बांधला जातो. विम्याचे नाव मात्र कोणी काढत नाही. काढलेच तर "निघताना असले अभद्र बोलू नये" म्हणून थोरली मंडळी दटावतात. आम्हांला हे पटत नाही. यंत्रमागावर राबणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या घरातला एक कमावता हात गेला तर मुलांची शाळा सुटते, हे आपण सोलापुरात पाहतोच.

रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना प्रवास विमा हवा का, असा प्रश्न येतो. ही सोय २०१६ पासून आहे. हप्ता माणशी ४५ पैसे, म्हणजे चहाच्या घोटाइतकाही नाही! रेल्वे अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर १० लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर साडेसात लाखांपर्यंत आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत भरपाई मिळते. गाडीत ताप आला, सामान हरवले, तर या विम्यातून काही मिळत नाही.

पण आपल्यापैकी किती जण स्वतः तिकीट काढतात? आपण नेट कॅफेत जातो. तो भाऊ घाईत 'नको'वर बोट ठेवतो, आणि 'हो' म्हटले तरी मोबाईल नंबर स्वतःचाच टाकतो. विमा कंपनीचा संदेश मग त्याच्याकडे जातो. नॉमिनीचे नाव भरण्याची लिंक त्याच संदेशात असते. ते नाव भरलेच नाही तर पैसे कायदेशीर वारसांना मिळतात, आणि वारस कोण हे सिद्ध करण्यासाठी विधवा बाईला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून काउंटरसमोर उभे राहून आपला नंबर टाकायला लावावा, आणि घरी येऊन शिकलेल्या मुलीकडून लिंक उघडून नाव भरून घ्यावे.

हा विमा ऑनलाइन काढलेल्या कन्फर्म आणि आरएसी तिकिटालाच आहे. स्टेशनच्या खिडकीवरचे तिकीट, वेटिंग आणि जनरल यांना नाही. म्हणजे ५ डिसेंबरच्या रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभ्याने चैत्यभूमीला निघालेल्या माणसाला हा विमा नाहीच. ज्याला गरज जास्त, त्यालाच वगळले आहे. ही गोष्ट आम्हांला खटकते.

त्याच्यामागे कायदा मात्र उभा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १२४ आणि १२४-अ. गाडीचा अपघात झाला, किंवा प्रवासी चालत्या गाडीतून चुकून पडला, तरी रेल्वेची चूक सिद्ध न करता भरपाई मागता येते. मृत्यूसाठी ही रक्कम २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. आत्महत्या, नशा किंवा आजाराने आलेला मृत्यू यात बसत नाही. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करायचा. मुंबई व नागपूर येथे त्याची पीठे आहेत. मात्र मृत व्यक्ती रीतसर प्रवासी होती हे दाखवावे लागते. केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. तरी गर्दी कितीही असो, तिकीट काढावे आणि त्याचा फोटो घरी पाठवून ठेवावा.

एसटीचे सोपे आहे. २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया अपघात निधीसाठी घेतला जातो, आणि अपघाती मृत्यूला १० लाखांपर्यंत मदत आहे.

खरा धोका भाड्याच्या जीपचा. स्वस्त पडते म्हणून ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी ठरवतात. ती खाजगी वापराची असते. भाडे घेऊन माणसे नेताना अपघात झाला तर विमा कंपनी शर्तभंगाचे कारण पुढे करून हात वर करू शकते. पिवळी पाटी, परवाना आणि चालू विमा हे तिन्ही पाहूनच इसारा द्यावा. लुंबिनी नेपाळात आहे. तिथे गाडी न्यायची तर मालकाने जादा हप्ता भरून विमा नेपाळपर्यंत वाढवला आहे का, हे कागदावर पाहावे. तोंडी "हो" चालत नाही. आपला घरचा आरोग्य विमाही बहुतेक भारतापुरताच असतो.

जनरल डब्यातल्या माणसासाठी आणखी एक सोय आहे. बँकेतल्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये, मग अपघात रेल्वेत होवो, रस्त्यावर होवो वा कामावर. हप्ता मे अखेरीस कापतात, तेव्हा खात्यात पैसे हवेत. खाते आधीपासून असेल तर पासबुक घेऊन बँकेत जा, हप्ता कापला जातो का आणि नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे ते विचारा. लग्नाआधी आईचे नाव दिलेले असेल आणि आई आज नसेल, तर सहलीची बॅग भरण्याआधी ते बदलून घ्या.