परवाना शस्त्राचा, कसोटी शासनाची

विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या आपल्या समाजाला १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कायद्याने नि:शस्त्र केले. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि युरोपियनास मोकळीक, असा तो उघड वर्णभेद होता. अहिंसेचे उपासक असलेल्या गांधीजींनाही हा कायदा ब्रिटिश राजवटीचे अत्यंत काळे कृत्य वाटला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला.

स्वराज्य आल्यावर मात्र हा हक्क राज्यघटनेत आला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, आणि स्वतंत्र देशात व्यक्तीच्या शस्त्रहक्कापेक्षा राष्ट्ररक्षणार्थ शस्त्र हाती घेण्याचे कर्तव्य मोठे, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते. दुरुस्ती फेटाळली गेली.

या निर्णयाची दूरदृष्टी अमेरिकेकडे पाहिले की उमगते. तेथे नागरिकांकडील बंदुकांची संख्या लोकसंख्येहून अधिक आहे. २०२२ साली टेक्सासमधील युवाल्डी येथे शाळेतच १९ मुले व २ शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. त्यानंतर महिनाभरातच तेथील सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क अधिक दृढ केला. हक्क एकदा घटनेत कोरला गेला की शासनाचे हात कसे बांधले जातात, याचे हे उदाहरण होय.

आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने शस्त्र हा हक्क नसून परवान्याचा विषय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली; लग्नसमारंभात हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणेही दंडनीय ठरले. कायदा पुरेसा कठोर आहे. प्रश्न आहे तो परवाना कोणाच्या हाती पडतो, हा. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाची निर्घृण हत्या झाली आणि त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. पुढे फेरतपासणीत शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. मग ते मुळात दिले कोणी आणि कोणाच्या शिफारशीवरून? खरा धोका असलेला आडवस्तीवरचा शेतकरी कार्यालयाचे उंबरठे झिजवतो आणि कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्याचे काम एका दूरध्वनीने होते, हे चित्र लिटनच्या भेदभावाहून फारसे निराळे नाही. तेव्हा निकष कातडीच्या रंगाचा होता, आज तो ओळखीचा आहे.

परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन कायद्यात आहेच. परवाना देतानाही कारणे तशीच नोंदवावीत, शिफारस करणाऱ्याचे नाव कागदावर यावे आणि गंभीर गुन्हा दाखल होताच परवान्याची फेरतपासणी व्हावी. शस्त्र ही मिरवण्याची वस्तू नव्हे. समाजाने विश्वासाने हाती दिलेली ती ठेव आहे. ती अपात्राच्या हाती सोपविणाऱ्या अधिकाऱ्यालाही जाब विचारला गेला पाहिजे.