आधी कान पाहा, मग किंमत!

जुना रेडिओ पाठीमागून उघडला, की काचेच्या नळ्या आणि तारांची वेटोळी पाहून लहानथोर थक्क होत. सॉफ्टवेअर रेडिओ उघडलात, तर आत पाहण्यासारखे फारसे नाहीच! हवेतले तरंग पकडून त्यांचे आकडे करायचे आणि ते संगणकाच्या हवाली करायचे, एवढेच त्याचे काम. स्टेशन निवडण्याची पुढची सारी करामत संगणक गणिताने करतो.

संगणकावर टेलिव्हिजन पाहण्यासाठी विकली जाणारी अंगठ्याएवढी डबी असे आकडे पुरवू शकते, हे हौशी मंडळींनी २०१२ साली हेरले. तेव्हापासून ही हौस सामान्यांच्या आवाक्यात आली. आता दिवाळीच्या खरेदीत चिरंजीवांनी असा रेडिओ मागितला, तर कोणता घ्यावा?

पहिला प्रश्न, ऐकायचे काय? एफएम केंद्रे, किंवा १०९० मेगाहर्ट्‌झवर आपला ठावठिकाणा सांगत जाणारी विमाने हवी असतील, तर ती स्वस्त डबी पुरे. लघुलहरींवरची परदेशी केंद्रे हवी असतील, तर त्या लहरींची सोय असलेला नमुनाच मागावा. साध्या डबीचा कान तिथवर पोचत नाही. जुनी पुस्तके वाचून नोआ उपग्रहांच्या हवामान-चित्रांसाठी मात्र खरेदी करू नका. १३७ मेगाहर्ट्‌झवर ती चित्रे पाठवणारे उपग्रह २०२५ साली बंद झाले.

दुसरा प्रश्न, मोजमाप किती बारीक? डबी तरंगाची उंची २५६ पायऱ्यांत मोजते, बारा बिटांचे यंत्र ४०९६ पायऱ्यांत. वखारीच्या काट्यावर गुंजभर सोने कळते काय? जबरदस्त स्टेशनाशेजारचे क्षीण स्टेशन टिपायला सोनाराचाच काटा हवा.

आणि गंमत पाहा! हॅकआरएफ वन हे यंत्र डबीच्या कैक पट महाग. पण पायऱ्या त्याच २५६. जादा पैसे जातात ते ६,००० मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या पल्ल्याला आणि प्रक्षेपणाच्या सोयीला. ज्याला नुसते ऐकायचे, त्याने तोंडाचे पैसे का मोजावे? शिवाय आपल्याकडे हौशी प्रक्षेपणालाही सरकारी परवाना लागतो.

तेव्हा थोडे पैसे एरियलसाठी राखून ठेवा. एफएमला पाऊण मीटर तार, विमानांना जेमतेम सात सेंटिमीटर! ती खिडकीबाहेर, उंचावर लावा. तरीही खरखर आली, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी घरातल्या विजेच्या माळा आणि मोबाइलचे चार्जर क्षणभर बंद करून पाहा. पुष्कळदा चोर घरातच सापडतो.